हंगाम संपल्यावरचा ट्रक : भंगार वाहतुकीचा रोखठोक हिशेब

गव्हाणीत शेवटची मोळी पडली, हंगामाची सांगता झाली, टोळ्या आपापल्या गावी परतल्या, की आपल्या पलूस भागात एक चित्र हमखास दिसते. कुंडल, रामानंदनगर, बुर्ली, आमणापूर, भिलवडी, कुठेही जा; चिंचेच्या सावलीला, गोठ्याशेजारी, नाहीतर रस्त्याच्या कडेला ट्रक उभे. हंगामात रात्रंदिवस ऊस ओढणारी ही गाडी पावसाळाभर नुसती उभी असते. हौद्यात पाचट कुजते, टायरखाली गवत उगवते आणि कोंबड्या आसऱ्याला बसतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातील एक तरुण सभासद ऑफिसात आला. तीन एकर ऊस, घरात आईवडील, बायको, दोन लहान मुले. हातात नव्या दहा चाकी ट्रकचे कोटेशन. म्हणाला, "साहेब, हंगामात ऊस वढतो आणि हंगाम संपला की कोल्हापूरला भंगार टाकतो. मामाचा पोरगा त्येच करतोय. तुम्ही पतसंस्थेत जरा शब्द टाका."

आम्ही विचारले, "हंगाम संपल्यावर गाडी उभीच ठेवली तर?"

तो हसून म्हणाला, "साहेब, बैल उभा ऱ्हायला तर वैरण खातो. गाडी उभी ऱ्हायली तर हप्ता खातीया."

वाक्य अगदी खरे आहे. पण गाडी पळाली तरी हप्ता सुटत नाही, हे वाक्यही तितकेच खरे आहे. ते आम्ही घरच्या अनुभवाने शिकलो आहोत. त्याला आम्ही रविवारी वही घेऊन या म्हणून सांगितले. त्या वहीवरून हा लेख तयार झाला. असाच विचार मनात असलेले सभासद गटोगटी आहेत, म्हणून सर्वांसाठी येथे मांडत आहोत.

ऊस विकास अधिकाऱ्याने भंगाराविषयी का लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर एवढेच, की गाडीचा हप्ता शेवटी उसाच्या बिलातूनच जातो. उसाचे बिल हप्त्यात गेले, की लागणीला खत कमी पडते, खोडवा उपाशी राहतो आणि एकरी टनेज घसरते. आम्ही शिवारात जाऊन कारण विचारतो, तेव्हा ते रोपात सापडत नाही. कर्जाच्या पासबुकात सापडते.

घरची गोष्ट

आमच्या धाकट्या बंधूंनी २०१२ साली एक जुना दहा चाकी ट्रक घेतला. आम्ही नोकरीत होतो, घरात शिकलेले होतो, तरी आम्हीच मान डोलावली. विकणाऱ्याने गाडीला ताजा रंग दिला होता, पुढे लिंबू-मिरची बांधली होती, सीटवर नवे कव्हर होते. आम्ही रंग पाहिला, चासी पाहिली नाही. मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ चासीला तडा होता. तो वेल्डिंग करून वरून रंगवलेला होता.

पहिले दोन महिने बरे गेले. मग भाडे कमी पडू लागले, म्हणून बंधूंनी वजन वाढवले. चार-पाच टन जादा माल ही नेहमीची गोष्ट झाली. एका पावसाळी रात्री आष्ट्याच्या अलीकडे मागचा पाटा तुटला, गाडी एका अंगाला बसली आणि चासी जुन्या तड्यावर उकलली. माणसाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा. पण बिडाचे तुकडे रस्ताभर पसरले. दुसऱ्या गाडीत माल भरून द्यायचा खर्च, क्रेनचा खर्च, दुरुस्ती आणि त्या काळातले थकलेले हप्ते यांत आईच्या पाटल्या गेल्या आणि शेवटी वीस गुंठे जमीन गेली. २०१५ साली ती गाडी आम्ही किलोच्या भावाने दिली. भंगार वाहणारी गाडी भंगारातच गेली.

हे सांगताना आनंद होत नाही. पण दुसऱ्यांना एकरी खर्चाचा हिशेब शिकवणाऱ्या आम्ही स्वतःच्या घरात टनामागचा खर्च काढला नव्हता, ही चूक कबूल केल्याशिवाय पुढचा सल्ला देण्याचा आम्हाला अधिकार नाही.

आपल्या भागात भंगार कुठून येते, कुठे जाते

पलूसला लोखंड नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर, निवडुंगाच्या रानात, किर्लोस्करवाडी वसवली. तेथे नांगर ओतले गेले, पुढे उसाचे चरक आणि पंप निघाले. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या निकामी तोफा नांगर करण्यासाठी दिल्या, अशी आठवण आजही सांगितली जाते. तोफेचा नांगर झाला, म्हणजे भंगाराचेच सोने झाले.

आज आपल्याकडचे भंगार म्हणजे मोडका नांगर, झिजलेले फाळ, जुने पंप, पाइप, ट्रॉलीचे पत्रे, विहिरीवरचे इंजिन, वर्कशॉपमधला चुरा. गावातला फेरीवाला ते गोळा करतो, पलूस-तासगाव-विट्याकडचा व्यापारी साठवतो आणि ट्रक भरला की माल फाउंड्रीकडे जातो. कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे फाउंड्र्या आहेत, तिकडे बेळगावलाही आहेत. भट्टीत नव्या लोखंडाबरोबर भंगारही वितळवतात, म्हणून मागणी बारमाही असते. परंतु मागणी बारमाही आहे म्हणजे आपल्या गाडीला काम बारमाही आहे, असे नव्हे. व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या गाड्या असतात, ठरलेले गाडीवान असतात. आपला नंबर त्यानंतर.

आधी माल मोजा, मग गाडी बघा

गाडी निवडताना बहुतेकजण कंपनी, ताकद आणि शेजाऱ्याची गाडी पाहतात. आमचे म्हणणे उलटे आहे. सुरुवात मालापासून करावी. आठवड्याला किती टन माल खात्रीने मिळेल? तो कसला आहे?

उसाचा ट्रक भरला की आधी जागा संपते. बिडाच्या तुकड्यांचे तसे नाही. हौद्यात गुडघाभर माल दिसतो आणि काट्यावर वजन संपलेले असते. उलट पत्रा, डबे, कापलेली बॉडी असला माल शिगोशीग भरला तरी वजन निम्मेच भरते. म्हणजे एकाच गाडीला एका मालात वजन पुरत नाही, तर दुसऱ्यात जागा पुरत नाही. जड माल जास्त असेल तर मजबूत पाट्याची, आटोपशीर हौद्याची गाडी. हलका माल जास्त असेल तर लांब आणि उंच फाळक्यांचा हौदा. दोन्ही प्रकारचा माल असेल तर जड खाली आणि हलका वर, असे जोडून नेणारा गाडीवान फायद्यात राहतो.

आता तीन गाड्यांचा डिझेलपुरता हिशेब पाहू. फेरी येऊन-जाऊन १५० किलोमीटर आणि डिझेल लिटरला ९० रुपये धरले आहे. ॲव्हरेज जाताना भरलेली आणि येताना रिकामी अशी सरासरी आहे. हे आकडे उदाहरणासाठी आहेत. आपल्या गाडीचे, आपल्या पंपाचे आकडे घालून गणित पुन्हा करावे.

लहान गाडी, ४ टन माल, लिटरला ८ किलोमीटर : डिझेल सुमारे १,६९० रुपये, टनाला साधारण ४२० रुपये.

सहा चाकी, ११ टन माल, लिटरला ५ किलोमीटर : डिझेल २,७०० रुपये, टनाला सुमारे २४५ रुपये.

दहा चाकी, १८ टन माल, लिटरला ४ किलोमीटर : डिझेल ३,३७५ रुपये, टनाला सुमारे १८८ रुपये.

एवढे पाहिले की कोणीही म्हणेल, दहा चाकीच घ्या. आमच्या बंधूंनीही तेच म्हटले होते. पण त्याच दहा चाकीत ६ टनच माल मिळाला तर? टनाला ५६० रुपयांवर डिझेल जाते, म्हणजे लहान गाडीपेक्षाही महाग. मोठी गाडी स्वस्त नसते. भरलेली गाडी स्वस्त असते. आपल्या खेडोपाडी माल तुकड्यातुकड्याने मिळतो, हे विसरून चालणार नाही. नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नये.

उभ्या खर्चाचे गणित

डिझेल दिसते, कारण ते रोज खिशातून जाते. उभा खर्च दिसत नाही. सहा चाकी गाडीला महिन्याचा हप्ता ४०,००० रुपये. विमा, कर, फिटनेस वगैरे मिळून महिन्याला १०,००० रुपये. ड्रायव्हर आणि क्लीनर ३०,००० रुपये, असे धरू. ८०,००० रुपये झाले. गाडी हलो अथवा न हलो, हे द्यायचेच.

टायर सहा. संपूर्ण संचाला सव्वा लाख धरले आणि ते ६०,००० किलोमीटर चालले, तर किलोमीटरला २ रुपये ८ पैसे, म्हणजे फेरीला ३१२ रुपये. ऑईल, ग्रीस, फिल्टर, किरकोळ दुरुस्ती किलोमीटरला २ रुपये, म्हणजे फेरीला ३०० रुपये. डिझेल २,७०० रुपये. एकूण फिरता खर्च ३,३१२ रुपये.

महिन्याला २० फेऱ्या झाल्या तर उभा खर्च फेरीला ४,००० रुपये बसतो. एकूण ७,३१२ रुपये. ११ टनांवर टनाला ६६५ रुपये. भाडे टनाला ७०० रुपये मिळाले तर महिन्याकाठी ७,७०० रुपयांच्या आसपास उरतात. फारच थोडे, पण गाडी तरते.

फेऱ्या १० झाल्या तर? उभा खर्च फेरीला ८,०००. एकूण ११,३१२ रुपये. टनाला १,०२८ रुपये. भाडे तेच ७००. म्हणजे महिन्याला ३६,००० रुपये घरातून. हे घरातून म्हणजे उसाच्या बिलातून.

यावर उपाय दोन. जादा वजन हा उपाय नव्हे, त्याचा विचार पुढे केला आहे. पहिला उपाय, परतीचा माल. कोल्हापूरहून रिकामे येण्यापेक्षा खताच्या पिशव्या, सिमेंट, पशुखाद्य, जे मिळेल ते आणावे. जादा डिझेल आणि हमाली जाऊन फेरीला २,००० रुपये जरी सुटले तरी २० फेऱ्यांचे ४०,००० होतात. अख्खा हप्ता निघाला! मात्र भंगार उतरल्यावर हौदा झाडून, तेलाचे डाग पुसून, खाली ताडपत्री अंथरल्याशिवाय खत भरू नये. एक टोकदार पत्रा दहा पिशव्या फाडतो. दुसरा उपाय, उभा खर्चच कमी ठेवणे. त्यासाठी जुनी पण निरोगी गाडी घ्यावी, किंवा आहे तीच गाडी वापरावी.

जुनी गाडी पाहताना

जनावराच्या बाजारात आपण बैलाचे दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. गाडीला मात्र रंग बघून पैसे देतो. आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे.

चासी खालून, उजेडात, पुसून पाहावी. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंग किंवा एकाच ठिकाणी ताजा रंग दिसला तर परत फिरावे. इंजिन थंड असताना चालू करायला लावावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन लबाडी लपवते. ऑईलच्या झाकणातून धुराचा जोर येतो का, पाहावे. धूर निळा असेल तर ऑईल जळते आहे. गिअरबॉक्सचे ऑईल बोटांवर चोळावे, लोखंडाचा कीस लागला तर आत दातऱ्या झिजल्या आहेत. टायर एकाच बाजूने झिजले असतील तर ॲक्सलमध्ये दोष आहे. आणि माल भरून, चढावर चालवून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

कागद तितकेच महत्त्वाचे. आरसीवर कोणाच्या कर्जाचा बोजा आहे का, कर भरला आहे का, फिटनेस किती तारखेपर्यंत आहे, चलने थकली आहेत का, हे आधी पाहावे. गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावे लागते, ते खर्चात धरावे. माल बेळगावकडे, म्हणजे कर्नाटकात न्यायचा असेल तर परवान्याची चौकशी आरटीओ कार्यालयात स्वतः करावी. नॅशनल परमिटला गाडीच्या वयाची मर्यादा असते.

१ एप्रिल २०२० नंतरच्या नव्या नियमांच्या गाड्यांत बहुधा डिझेलच्या टाकीशेजारी एक छोटी टाकी असते. त्यात धूर शुद्ध करण्याचे युरियाचे द्रावण घालतात. हे द्रावण शुद्ध पाण्यात साडेबत्तीस टक्के खास युरिया घालून तयार केलेले असते. आमच्या कानावर आले आहे, की काही गाडीवान घरचा शेतीचा युरिया बादलीत कालवून घालतात. कृपा करून असे करू नये. शेतीच्या युरियाला कडुनिंबाचे आवरण असते, त्यात इतर घटकही असतात. त्याने धुराची यंत्रणा चोंदते आणि तिची दुरुस्ती युरियाच्या शेकडो पिशव्यांना भारी पडते. युरिया उसाला घालावा, तोही वेळेवर!

हौदा

उसाच्या गाडीचा लाकडी तळ भंगाराला टिकत नाही. बिडाचा तुकडा वरून पडला की फळी फुटते. तळाला जाड लोखंडी पत्रा टाकावा, पण त्याचे वजन आपल्या मालातून वजा होते हे ध्यानात ठेवावे. पाचशे किलोचा पत्रा म्हणजे प्रत्येक फेरीला अर्धा टन भाडे कमी. म्हणून पत्रा बेताचा, पण आडवे बीम मजबूत असावेत.

डंपरचा मोह अनेकांना होतो. माल झटकन उतरतो हे खरे. पण हायड्रॉलिकचे वजन आणि किंमत दोन्ही जास्त, ओबडधोबड जागेत वर उचललेली गाडी कलंडते आणि वेडेवाकडे लोखंड हौद्यात अडकून बसते. शिवाय तीच गाडी हंगामात उसाला लागायची आहे. फाउंड्रीत चुंबकाची क्रेन असेल तर डंपरची गरजही नाही. उघड्या हौद्याची साधी गाडीच आपल्याला सोयीची.

जादा वजनाचा मोह

आरसी बुकात एकूण वजन लिहिलेले असते. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये मर्यादा वाढवली. दोन ॲक्सलच्या सहा चाकीची १६.२ टनांवरून १८.५ टन आणि तीन ॲक्सलच्या दहा चाकीची २५ वरून २८.५ टन झाली. पण आपल्या जुन्या गाडीला आपल्या आरसीतला आकडाच लागू. रिकामी गाडी काट्यावर घालावी, आरसीतल्या आकड्यातून ते वजन वजा करावे, उरले तेवढेच आपले.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. तीन टन जादा भरले तर २६,००० रुपये. त्या तीन टनांचे भाडे किती? २,१०० रुपये! बारा फेऱ्यांची जादा कमाई एका रात्रीत गेली. शिवाय जादा माल जागेवर उतरवून घ्यावा लागतो तो वेगळा. हौद्याबाहेर लोखंड डोकावत असेल तर त्यालाही वेगळा दंड आहे.

दंड चुकला तरी गाडी माफ करत नाही. रस्ताही नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात भरलेले ट्रक ठराविक रस्त्यांवर दोन वर्षे सतत फिरवून एक मोठा प्रयोग झाला. ॲक्सलवरचे वजन वाढते त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याचे नुकसान वाढते, असा ढोबळ नियम त्यातून निघाला. म्हणजे वजन दीडपट केले तर रस्ता पाचपट खराब. आपल्या शिवाररस्त्याला खड्डे पडले म्हणून आपणच सभेत उठून तक्रार करतो. त्या खड्ड्यांत आपला वाटा किती, हेही कधी मोजावे.

भरणे आणि बांधणे

जड तुकडे तळाला, मागच्या ॲक्सलच्या थोडे पुढे ठेवावेत. सगळे वजन शेपटीला आले तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. गोल नग, रोलर, फ्लायव्हील यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून साखळीने आवळावे. ब्रेक दाबल्यावर सुटा रोलर सरळ केबिनमध्ये येतो. वर ताडपत्री बांधलीच पाहिजे. रस्त्यावर पडलेला एक टोकदार पत्रा मागच्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेततो. तो कोणाचा तरी मुलगा असतो, कदाचित आपलाच.

तेलकट चुरा असेल तर तो गळणार नाही याची काळजी घ्यावी. बंद सिलिंडर, तोंड बंद केलेले पाइप, न कापलेले शॉकअब्सॉर्बर हौद्यात घेऊ नयेत. भट्टीत गेल्यावर ते फुटतात. शिशाचे जड, बंद भांडे किंवा तीन पाकळ्यांची किरणोत्साराची खूण असलेले काहीही दिसले तर हात न लावता पोलिसांना कळवावे. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० साली किरणोत्सारी कोबाल्ट असलेले यंत्र भंगार म्हणून आले. ते उघडणाऱ्यांना बाधा झाली आणि एकाचा जीव गेला.

पावतीशिवाय माल नको

हा मुद्दा आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. नदीकाठच्या मोटारींची केबल, डीपीतले तांबे, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे लोखंडी बर्गे यांच्या चोऱ्या आपल्याला नव्या नाहीत. हा माल शेवटी कोणत्या तरी गाडीतूनच जातो. आपल्याच भावकीच्या मोटारीची केबल आपल्याच हौद्यातून गेली, तर तोंड कोणाला दाखवायचे? बर्गे गेले तर बंधाऱ्यात पाणी थांबत नाही आणि वाळतो तो आपलाच ऊस.

म्हणून व्यापाऱ्याचे बिल, मालाचे वर्णन आणि काट्याची पावती हातात आल्याशिवाय गाडी हलवू नये. मालाची किंमत मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिल लागते. ही मर्यादा राज्याबाहेर ५०,००० रुपये आणि महाराष्ट्रातल्या राज्यात १ लाख रुपये आहे. तांबे, बर्गे, रेल्वेचे लोखंड किंवा विजेचे साहित्य दिसले, की "हा माल कुठला?" एवढे विचारायला लाजू नये. रात्री बारानंतर दुप्पट भाडे देणारा गिऱ्हाईक भेटला तर समजून जावे.

काहीजण म्हणतात, "ट्रक कशाला, ट्रॅक्टर-ट्रॉली हाय की घरात." शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याने भंगार ओढू लागला, की अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते. भरपाई मालकाच्या सात-बाऱ्यावर येते. तसेच ड्रायव्हरचा परवाना पाहावा. हलक्या वाहनाच्या परवान्यावर एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. त्यापुढच्या गाडीला जड वाहनाचाच परवाना हवा.

रोजची वही

दोनशे पानी वही गाडीत ठेवावी. तारीख, किलोमीटर, डिझेल, माल, भाडे, खर्च. ॲव्हरेज काढायचे तर टाकी गळ्यापर्यंत भरावी, चार फेऱ्या कराव्यात आणि पुन्हा त्याच पंपावर गळ्यापर्यंत भरावी. जेवढे लिटर बसले त्याने किलोमीटरला भागावे. अंदाजाने सांगितलेले ॲव्हरेज हे नजरपाहणीच्या टनेजसारखे असते. नेहमी जास्तच भरते!

टायरची हवा थंड असताना तपासावी. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत वरचेवर पाहावा. काट्याच्या रांगेत इंजिन बंद ठेवावे. पन्नाशीच्या वेगाने एकसारखी चालवलेली गाडी डिझेल वाचवते, ब्रेकही वाचवते. फाउंड्रीच्या आवारातून बाहेर पडताना दोन टायरमध्ये अडकलेला तुकडा काढावा. दोन मिनिटांचे काम, पण वीस हजारांचा टायर वाचतो. आणि दसऱ्याच्या आत फिटनेस, विमा, ब्रेक, पाटे यांची कामे उरकून गाडी उसासाठी तयार ठेवावी. भंगाराच्या नादात उसाची पहिली खेप चुकता कामा नये.

त्या सभासदाचे काय झाले?

रविवारी तो वही घेऊन आला. आम्ही त्याला पंधरा दिवस फक्त माल मोजायला सांगितले. तो पलूस, कुंडल, भिलवडी फिरला, व्यापाऱ्यांना भेटला. आठवड्याला खात्रीचा माल निघाला दोन गाड्या, त्याही सहा-सात टनांच्या. म्हणजे महिन्याला आठ-नऊ फेऱ्या आणि त्याही अर्ध्या. दहा चाकीच्या हप्त्याला हे कुठून पुरणार? वहीचे पान उलटत तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "साहेब, मामाच्या पोरानं मला भाडं सांगितलं. हप्ता सांगितलाच न्हाई."

आम्ही त्याला विचारले, "तुमच्या गल्लीत आज किती गाड्या उभ्या आहेत?" त्याने बोटे मोजली. चुलत्याची एक सहा चाकी, शेजाऱ्याची एक. दोन्हीचे हप्ते फिटलेले, दोन्ही चिंचेखाली.

त्या पावसाळ्यात त्याने नवी गाडी घेतली नाही. चुलत्याची सहा चाकी चालवायला घेतली. दोन व्यापाऱ्यांचा माल एकत्र भरायचा, वजन पुरे करायचे, येताना सोसायटीचे खत आणायचे. भाड्यातून डिझेल, टायर, ड्रायव्हरचा खर्च आणि दुरुस्तीला बाजूला काढलेली रक्कम वजा करून उरेल त्याची निम्मी-निम्मी वाटणी. फार पैसे मिळाले नाहीत. पण खोडव्याला वेळेवर दुसरा हप्ता पडला, तो खताचा, बँकेचा नव्हे. त्याचा खोडवा आम्ही स्वतः पाहून आलो, पाने गर्द हिरवी होती.

सभासद बंधू-भगिनींनो, सहकार म्हणजे केवळ कारखान्याचा शेअर नव्हे. एका गल्लीत दोन गाड्या उभ्या असताना तिसरी गाडी कर्जाने आणणे हा व्यवहार नव्हे. ज्यांचा माल मोजून पुरेसा भरतो, परतीचे भाडे ठरलेले आहे, त्यांनी जरूर गाडी घ्यावी. आमचा विरोध नाही. मात्र सही करण्यापूर्वी पंधरा दिवस वही भरावी. कोणाला गणित जमत नसेल तर गट ऑफिसात यावे. आम्ही शनिवारी सकाळी असतो. कोटेशन आणू नये, वही आणावी.

— ऊस विकास अधिकारी